रफीक खलास

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट घातला त्याला सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी 'मध्यम चालणं चालेल' असं लिहून दिलं आणि त्या एका ओळीच्या जोरावर त्यानं सौदीतल्या असीरच्या डोंगरातली एक वाट निवडली. जुनिपरच्या जंगलातून वर चढायचं, पावसानं भरलेली तीन तळी आणि मधली कुरणं पार करायची, आणि फिरून गाडीपाशीच उतरायचं. सात किलोमीटर. मोबाइलवरच्या माहितीत या वाटेलाही 'मध्यम' असाच शेरा होता. डॉक्टरांचं मध्यम आणि डोंगराचं मध्यम एकच, हे मला काही पटत नव्हतं.

मी अबहातल्या हॉस्पिटलात आयसीयूची नर्स आहे. यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पाणी, खजूर, थालीपीठं, टोप्या, जास्तीचे मोजे, दर वीस मिनिटांनी थांबा. बीपीचं यंत्र मी यादीत लिहिलंच नाही, मोज्यांच्या आत गुंडाळून घेतलं.

पहिल्या तळ्याला तो हसून थांबला. काठावर एक सौदी कुटुंब गालिचा पसरून बसलं होतं, पलीकडच्या दगडी बांधावर माकडं त्यांच्या डब्यांवर डोळा ठेवून. मी मनगट धरलं, ठोके मोजले, कागदावर लिहिले. कुरणात पुन्हा थांबलो. गुडघाभर गवत होतं, पिवळी फुलं होती, आणि मी घड्याळाच्या काट्याकडे बघत होते.

दुसऱ्या तळ्याशी मी यंत्र बाहेर काढलं.

"हे पण आणलंस?"

"दोन मिनिटं लागतात. बस."

"लोक बघतायत."

"बघू देत. दंड सैल सोड."

त्यानं पट्टा काढून माझ्या हातात दिला. "सिस्टर, पेशंटला डिस्चार्ज मिळालाय. तुमचे कागद भरून झाले की या सावकाश." आणि चालू लागला. उंच माणूस, निळी टोपी, मागे वळूनही बघितलं नाही.

मीही हट्टानं बसून राहिले. पाणी प्यायले, पट्टा नीट गुंडाळला. पाचच मिनिटं असतील. तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं चढलं आणि वाट वीस पावलांपुरती उरली. हे इथे रोजचंच. मग कमरेची पिशवी बंद करताना हाताला डबी लागली. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्याकडे होती, त्याच्याकडे नव्हती.

मी भराभर निघाले. हाक मारली, उत्तर आलं नाही. तो किती वेगानं चालला असेल, रागात चालला असेल तर किती, इतक्या उंचीवर हवा किती विरळ असते, सगळे हिशेब डोक्यात एकदम सुरू झाले. तिसरं तळं आलं. तिथं तो नव्हता. एक सुदानी मेंढपाळ शेळ्या हाकत होता. मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, माझा नवरा, हिंदी माणूस, निळी टोपी, पाहिलास का?

"रफीक?" भारतीय माणसाला इथं सगळे रफीकच म्हणतात, म्हणजे दोस्त. त्यानं दोन्ही तळहात एकमेकांवर झाडले आणि खाली, धुक्याकडे बोट केलं. "रफीक खलास!"

सोळा वर्षं मी या देशात आहे. खलास हा शब्द दिवसातून वीस वेळा माझ्याच तोंडात असतो. ड्रेसिंग खलास, ड्यूटी खलास, फाइल खलास. झालं, संपलं, आटोपलं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या क्षणी तो मला अरबीत ऐकूच आला नाही. आमच्या चिपळूणकडे माणूस खलास झाला म्हणतात तसा, थेट मराठीत कानात शिरला.

मी पळाले. मेंढपाळ मागून काहीतरी ओरडत होता. ओले दगड होते, दोनदा पाय घसरला, हातातलं बीपीचं यंत्र कुठं पडलं तेही कळलं नाही. कडेला दगडांत काही निळं दिसतंय का, एवढंच बघत होते. हॉस्पिटलात असा प्रसंग आला की पहिलं काय, दुसरं काय, हे मला झोपेतही सांगता येतं. आता एकही पायरी आठवेना.

वळण संपलं आणि समोर गाड्या उभ्या होत्या. आमच्या गाडीला टेकून तो बूट काढून बसला होता. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या सौदीबाबांनी दिलेला कहवा पीत होता.

"काय गं, किती उशीर! मी केव्हाचा खाली आलोय."

मी त्याचं मनगट धरलं. मोजायला लागले आणि आकडा चुकला. पुन्हा मोजायला घेतलं, पुन्हा चुकला.

"अगं, किती वेळा मोजतेयस? काय झालं?"

"दम लागला. चढ होता."

"शेवटी सगळा उतारच आहे की."

मी कमरेच्या पिशवीतून डबी काढून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. त्यानं खिशाकडे बघितलं, माझ्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. या वेळी सिस्टर म्हणाला नाही. उरलेला कहवा माझ्यापुढे धरला. "पुढच्या वेळी मी थांबेन," म्हणाला.

परतीला गाडी मी चालवली. पहिल्याच घाटात तो झोपला, मान खिडकीकडे. दोन वळणं गेल्यावर मी एसीचा पंखा बंद केला. पंख्याच्या आवाजात त्याचा श्वास ऐकू येत नव्हता.