सात, चौदा, एकवीस

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस गपचूप वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. आमच्या ख्रिस्ती घरात भुताखेतांच्या गोष्टींना थारा नव्हता, वडील रागवायचे. त्यात मी नववी-दहावीला गणित शिकवते. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. तरी लिहायला बसले आहे, कारण यात भूत नाही... आणि चूक माझी आहे.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. दर शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या हॉलमध्ये चर्चचा छोटा गट जमतो. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय वाचायचा, त्यावर बोलायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. प्रभूच्या मार्गावर एकमेकांना धरून चालायला शिकायचं, हा उद्देश. पाळकसाहेबांनी गट माझ्यावर सोपवला तो माझ्या वक्तशीरपणामुळे. भक्तीमुळे सोपवला असं मला वाटायचं, तो भाग वेगळा.

वाचायची आमची एक रीत आहे. अध्यायात क्रमांक घातलेले छोटे छोटे भाग असतात, त्यांना आम्ही वचन म्हणतो. गोल बसायचं आणि एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं. पहिलं माझं, मग माझा नवरा विजय, मग ग्रेस, मग कॉलेजची तीन मुलं, आणि सर्वात शेवटी दानिएलकाका – बाल्कनीच्या दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत. असे आम्ही सात जण. सगळ्यांची नजर आपापल्या पुस्तकात, त्यामुळे वाचणारा दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

काका सत्तरी ओलांडलेले, कारखान्यात फिटर होते. लहानपणी संडे स्कूलमध्ये मला वाचायला त्यांनीच शिकवलं. शब्दाखाली बोट ठेवून, अजिबात घाई न करता. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून सावरले, पण जीभ जड झाली. एकेक शब्द ओठांपर्यंत आणायचे, मग पुढच्याच्या मागे लागायचे. एका वचनाला दोन मिनिटं. अध्यायात तीनदा नंबर आला तर सहा मिनिटं. मला ठोक्याला सातला संपवायचं असायचं, आणि मुलं चुळबुळ करायची... निदान मला तसं वाटायचं.

एका शनिवारी चहाच्या वेळी मी त्यांना अगदी गोड आवाजात म्हणाले, "काका, पुढच्या वेळेपासून तुम्ही नुसतं ऐका ना. उगाच किती त्रास होतो तुम्हाला."

"मला... नाही गं होत त्रास," ते म्हणाले. पण एवढं बोलायला त्यांना वेळ लागला, आणि तोवर मी कप गोळा करायला उठले होते. मागून त्यांचं "बरं" ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्यांची सून मोनिका फोनवर म्हणाली की बाबांना जिना झेपत नाही. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. आज ते लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं हे खरं. मग मनाची समजूत म्हणून मी सभा फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवू लागले.

असा महिना गेला. त्या शनिवारी अध्याय होता एकवीस वचनांचा. मला एक मास्तरकी खोड आहे – वाचन सुरू व्हायच्या आधीच मी आपली वचनं पेन्सिलने खुणावून ठेवते. आम्ही सहा जण, म्हणजे माझी एक, सात, तेरा आणि एकोणीस. शेवटचं, एकविसावं, ग्रेसचं. तिसरीतल्या पोरालाही जमेल असं गणित.

वाचन झालं. नेहमीसारखं, शांतपणे. आमेन म्हणून मी पुस्तक मिटणार, एवढ्यात माझ्या खुणांकडे लक्ष गेलं. मी एक वाचलं होतं. आठ वाचलं होतं. पंधरा वाचलं होतं. माझ्या खुणेच्या सात, तेरा, एकोणीसपैकी एकही मी वाचलं नव्हतं.

"एकविसावं कोणी वाचलं?" मी विचारलं.

"काकांनी ना," ग्रेस चष्मा पुसत म्हणाली आणि तशीच थांबली. वेताच्या खुर्चीवर माझी पर्स होती.

मग एकेक जण सांगू लागला. सगळ्यांनी ऐकलं होतं. तोच आवाज, तसाच अडखळत. मीही ऐकलं होतं, म्हणून तर मी आपला नंबर येईपर्यंत थांबले होते. चौदाव्या वचनात मधेच त्यांना ठसका लागला, तेव्हा ग्रेसने मान वर न करता पाण्याची बाटली त्यांच्या बाजूला सरकवली होती. बाटली अजूनही टीपॉयच्या वेताच्या खुर्चीकडच्या टोकाला होती.

आम्ही रेकॉर्डिंग लावलं. सहा आवाज... आणि मग काहीच नाही. पंखा, खाली कुठल्यातरी घरातला कुकर. दोन मिनिटांनी मी आठवं वचन वाचते. दुसऱ्या फेरीनंतर तीच शांतता, त्यात बाटली सरकल्याचा आवाज. तिसऱ्या शांततेनंतर आम्हा सगळ्यांचं आमेन.

"आपण सहा मिनिटं नुसते गप्प बसलो होतो?" विजय म्हणाला.

मी लगेच मोनिकाला फोन लावला. काही न सांगता नुसतं विचारलं, बाबा कसे आहेत.

"बरे आहेत ताई," ती म्हणाली. "शनिवारी सहा वाजले की पुस्तक घेऊन बसतातच. कोणता अध्याय ते तुम्ही ग्रुपवर टाकता ना. आज सातवं वाचलं, मग कितीतरी वेळ गप्प, मग चौदावं. मधे ठसका लागला म्हणून मी पाणी दिलं. म्हटलं, बाबा, मधली का सोडता? तर म्हणाले, ती माझी नाहीत, ती बाकीच्यांची."

मी वेताच्या खुर्चीवरची पर्स उचलून खाली ठेवली.

"देऊ का त्यांना फोन?" तिने विचारलं.

आणि मी म्हणाले, "नको, मी प्रत्यक्षच येते."

काका मुलुंड पश्चिमेला राहायचे. रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. पण मला त्यांच्यासमोर एकटीने जायची हिंमत नव्हती, म्हणून मी टाइमटेबल बनवलं. पुढची सभा त्यांच्याच घरी, सगळ्यांनी मिळून जायचं, सुरुवात काकांच्या वाचनाने, आणि सर्वांदेखत माफी. ग्रुपवर मेसेजही टाकला. त्यावर काकांचा हात जोडलेला इमोजी आला. गुरुवारी सकाळी काका झोपेतच प्रभूकडे गेले. शनिवारी सहाला आम्ही सहाही जण त्यांच्या घरी होतो, ठरल्याप्रमाणे, पण दफन आटोपून परतलेल्या माणसांबरोबर.

याचा उलगडा काय? सवयीने कान भरून काढतात, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन. पण मग तो ठसका? मोनिका म्हणते, बाबांना तुमच्याकडे यायचंच होतं, जिना झेपत नाही हे नुसतं सांगायला होतं. मला आजही उत्तर माहीत नाही, आणि हल्ली मी ते शोधतही नाही. पंधरा मिनिटांचा रस्ता मी का गेले नाही, याचं उत्तर मात्र मला माहीत आहे.

वेताच्या खुर्चीवर आता कोणी काही ठेवत नाही. सहावं वचन झालं की आम्ही थांबतो. पूर्ण दोन मिनिटं. सात वाजून जातात, जाऊ देत. मी माना खाली घातलेल्या सगळ्यांबरोबर सातव्या वचनाखाली बोट ठेवून ऐकत राहते. तेव्हापासून काहीही ऐकू आलेलं नाही. मग मी आठवं वाचते.