छतावरच्या माणसाला सांगितलेला शेवट

आमच्या मंडळाची एक रीत आहे. मालिकेतल्या ज्या भागाची चित्रफीत कुठेच मिळत नाही, त्याची गोष्ट वहीत लिहायची आणि खाली तो भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने सही करायची. ऐकीव माहितीवर सही चालत नाही. गेल्या महिन्यात नांदेडला, एका शिकवणीवर्गाच्या हॉलमध्ये, शेवटच्या भागाची वही माझ्यापुढे आली. पेन हातात होतं आणि सही करता येत नव्हती.

मालिका अंतराळयानाची. टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हाची, आठवड्याला अर्धा तास. ती तेव्हा पाहिलेले आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एका रविवारी जमतो आणि कप्तान अमुक ग्रहावर उतरला ते चूक की बरोबर, यावर हमरीतुमरीवर येतो. काही भाग कुणीकुणी इंटरनेटवर टाकलेत. शेवटचा नाही, आणि मंडळात तो पाहिलेला मी एकटाच.

तो मी नांदेडजवळच्या लोह्याला पाहिला. मी आणि माझा मित्र तिथे एकाच कचेरीत कारकून होतो, एकाच खोलीत राहायचो. दोघांत मिळून एक काळापांढरा टीव्ही घेतला होता. वारा सुटला की छतावरच्या ॲन्टेनाचं तोंड फिरायचं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून मालिकेच्या वेळी एकाने वर जाऊन ॲन्टेनाचा बांबू धरून उभं राहायचं. एक आठवडा तो, एक आठवडा मी. वरच्याला नंतर खालच्याने गोष्ट सांगायची.

शेवटच्या भागाला पाळी माझी होती. मी पायाला फडकं गुंडाळलं आणि पाय मुरगळला म्हणालो. "ऱ्हाऊ दे, मी जातो की," म्हणत तो शिडी चढला. अर्धा तास वरून ओरडत होता, "दिसायलंय का?" आणि मी खालून, "लई झकास!"

शेवटी काय झालं ते आज लिहून टाकतो. एक माणूस आधीच्या भागापासूनच यानाबाहेर दुरुस्ती करत असतो. तो आत यायच्या आधीच कप्तान यान हलवतो, बाकीच्यांचा जीव वाचावा म्हणून. तो माणूस बाहेर राहतो.

मित्र खाली आला तेव्हा त्याच्या तळहातांवर बांबूचे वळ होते. "त्या बाहेरच्याचं काय झालं रे?"

"घेतला की आत. ऐन वेळेला," मी म्हणालो.

पायाला ते फडकं बांधून बसलो असताना दुसरं काही सांगायला तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत सगळ्यांना रंगवून सांगत होता.

पुढे तो लातूरला स्थायिक झाला. मंडळाच्या बैठकीला बसने येतो, उशीर चुकूनही करत नाही. "आपला कप्तान माणूस टाकून जात न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लगेच प्रामाणिकपणे जोडतो, "मी छतावर व्हतो. बघितलंय ह्यानं." आणि मी मान हलवतो.

दोन वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळच्या एक शिक्षिका मंडळात आल्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "पण त्याला तर बाहेरच सोडला होता. मी मामाच्या घरी पाहिलंय."

मित्र हसला. "बाई, तवा तुम्ही केवढ्या? डोळा लागला असंल. सपान पडलं असंल अंतराळाचं."

हॉल खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंय ना? तुम्ही सांगा."

"आत घेतला त्याला," मी म्हणालो.

बाई पुन्हा बैठकीला आल्या नाहीत.

आणि आता वही समोर होती. मित्राने सांगितलेली गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहिलेली, खाली साक्षीदाराची जागा रिकामी.

"कर की सही," मित्र म्हणाला. "का अंगठा लावतोस?"

सगळे हसले. मी पेन खाली ठेवलं.

"त्याला बाहेरच सोडला होता," मी म्हणालो.

"कुणाला?"

"दुरुस्तीवाल्याला. बाई म्हणत होत्या ते खरं."

"मग मला काय सांगितलास तवा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि पाय?"

"पायाला काही झालं नव्हतं."

कुणीतरी मध्ये पडलं. "जाऊ द्या हो काका, टीव्हीवरची गोष्ट तर होती."

"गोष्टीचं मरू दे!" तो उसळला. "त्या बाईला मी चार माणसांत सपान पडलं म्हणलो. ह्याच्या जिवावर!" त्याने मोबाइल काढला. बाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला.

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. सगळा हॉल त्या मोबाइलकडे बघत होता. त्याने परत लावला.

"बोला," बाईंचा आवाज आला. कोरडा.

"बाई, तुमचं खरं व्हतं. चूक माझी. बाकीचं ह्याच्याकडून ऐका." मोबाइल त्याने माझ्यासमोर धरला.

"मी पाहिलं होतं, बाई. त्या दिवशी तुमच्या तोंडावर खोटं बोललो."

बाईंनी विचारलं, "त्या बाहेरच्याने यानाच्या काचेवर हात टेकवला होता. दिसला होता तुम्हाला?"

"दिसला होता."

"कुठला हात?"

"डावा."

"दोन वर्षं मी स्वतःलाच विचारतेय," त्या म्हणाल्या, "तो हात मी पाहिला, की मनानेच जोडला. दुसऱ्याही गोष्टी आठवल्या की आता शंका येते. घरच्या. आईच्या."

मित्र म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा, आम्ही वहीत लिहितो."

"फोनवर नको. पुढच्या बैठकीला येते मी. सही मी करीन. त्यांची नको."

"बरोबर हाय," मित्र म्हणाला आणि वही मिटून पिशवीत घातली.

बैठक संपली की मी नेहमी त्याच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत जातो. त्या दिवशीही चप्पल घालून पायऱ्यांशी थांबलो. तो माझ्या शेजारून खाली उतरला, रस्त्यावर ऑटोला हात केला आणि एकटाच गेला.