पोर्तुगालच्या बाईंना केलेला नमस्कार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मनात ठेवून एकटा पडलोय, एवढं मात्र खरं.

हिंगणघाटला माझी जिनिंग आहे; कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतो. सेंद्रिय कापसाच्या गाठी मी पोर्तुगालच्या एका सूतगिरणीला पाठवतो. तिथला धंदा ओळखीवर चालतो. घरच्या गिरण्या, आधी तासभर जेवण, घरच्यांची चौकशी, मग व्यवहार. गिरणीची मालकीण साठीची. पहिल्या भेटीत तिने माझ्या घरच्यांची चौकशी तासभर केली, आणि माझा शब्द पक्का मानला. आपल्याकडचीच बाई वाटली मला.

पण ऑगस्टात त्यांच्या गिरण्या सुट्टीवर जातात. माल त्याआधी पोचलाच पाहिजे. त्या वर्षी सेंद्रिय रुई कमी पडली, कंटेनर भरेना. थोडा कमी माल पाठवतो, असं कळवलं असतं तर? बाई समजून घेणारी होती. पण आपली सवय — ‘हो जाएगा’ म्हणून मोकळं व्हायचं! मी साधी रुई त्यात मिसळायला सांगितली.

वासुदेवभाऊ आडवे आले. वडिलांच्या वेळचे, कापसाची प्रत पारखणारे ग्रेडर ते. बोटांत रुई ओढून धाग्याची लांबी सांगायचे. “शेठ, हे ढीग एक नोका करू जी. बाईनं भरवसा ठेवला हाय आपल्यावर.” मी ऐकलं नाही.

तिथल्या तपासणीत भेसळ सापडली. बाईंनी व्हिडिओ कॉल केला. वासुदेवभाऊ माझ्या शेजारीच बसले होते — मीच बसवलं होतं, कापसाचं काही विचारलं तर असावेत म्हणून. हे कसं झालं, तिने सरळ विचारलं. आणि मी इंग्रजीत म्हणालो, आमच्या ग्रेडरला आता नीट दिसत नाही, त्याने ढिगांची गफलत केली.

वासुदेवभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते हसले. हात जोडून नमस्कार केला.

बाई विरघळली. म्हाताऱ्याला रागावू नका म्हणाली. फक्त आमच्या मालापासून दूर ठेवा. मी त्यांना वजनकाट्यावर बसवलं. “माह्यं काही चुकलं काय, शेठ?” त्यांनी एकदाच विचारलं. नाही, म्हणालो मी. काट्यावर त्यांचं मन रमलं नाही, दिवाळीनंतर त्यांनी येणं सोडलं. चार वाजताचा चहा आम्ही दोघं घ्यायचो, तो आता मी एकटा घेतो. मला अडवणारं कुणी उरलं नाही.

इथवर आलोच आहे, तर पुढचंही सांगतो — खरी गोष्ट तीच.

गेल्या हिवाळ्यात बाई स्वतः आली. गावात पाय ठेवताच म्हणाली, त्या म्हाताऱ्यांना भेटायचंय. आता दुभाषी होता सोबत. दोघं समोरासमोर बसले असते तर? माझी जीभ क्षणभरही अडखळली नाही. ते वारले, म्हणालो. तिने चष्मा काढला, डोळे पुसले. घरच्यांना भेटू का, विचारलं. ते गाव सोडून गेले, म्हणालो.

वासुदेवभाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतात. तिला नागपूरला विमानात बसवून परतलो, तर बाजारात तेच समोर.

“बाई आलती म्हणते, शेठ. मले काऊन नाई बोलावलं?”

घाईत होती, म्हणालो.

“बरं बरं,” ते म्हणाले, आणि मला जायला वाट देण्यासाठी बाजूला झाले.