साक्षीदाराला न आलेलं नाव

लिहायला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो... चार वेळा लिहून पुसलं. कुणाला राग येईल का, ही धास्ती अजून आहेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनौच्या महानगर वस्तीत आमच्या छतावरच्या खोलीत दक्षिण आफ्रिकेचा एक मुलगा भाड्याने राहायचा. तो वकिली शिकत होता, मी बँकेत फायली सांभाळणारा दफ्तरी, सातवी पास.

एका संध्याकाळी निशातगंजच्या बाजारात आम्ही दोघं भाजी घेत होतो. शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून "चोर, चोर" ओरडा झाला आणि लोकांनी सरळ यालाच धरलं... तो माझ्याजवळ टोमॅटो निवडत होता, हे मी सांगत राहिलो, पण कुणी ऐकेना. मारही त्याने खाल्ला आणि चोरीची केसही त्याच्यावरच लागली.

शिक्षा झाली असती तर शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलं असतं. दुकानदाराची माफी मागून मिटव, असं मीही म्हटलं.

"नहीं अंकल. माफ़ी मतलब चोरी कबूल. केस लड़ेंगे."

त्याच्या देशात काळ्या माणसाला कुठे जायचं तर सरकारी पास सोबत बाळगावा लागे. त्याच्या वडिलांनी तो जाळला आणि तुरुंग भोगला. तिकडे त्यांना पहिल्यांदा मत देता आलं, त्याच वर्षी पोरगा इथे आरोपी...

साक्षीदार मी एकटा. पोलीस मागे लागतील, बँकेत बोभाटा होईल, या काळजीने जेवण जाईना. तरी गेलो.

सरकारी वकिलाने विचारलं, "मुलज़िम का पूरा नाम?"

मला येईना. दोन वर्षं घरात राहिलेला मुलगा...

"घर में क्या बुलाते हैं?"

"जी... कालू."

कोर्ट हसलं. "नाम तक नहीं मालूम, और गवाही देने चले आए बाबूजी!"

मी कठडा घट्ट धरला. तेवढ्यात तो उभा राहिला. "साहब, नाम मैं बता देता हूँ. गवाह से वो पूछिए जो इन्होंने देखा है."

जज साहेबांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. पुढे कितीतरी तारखांनंतर तो निर्दोष सुटला.

साक्षीच्या दिवशी परतताना रिक्षात मी मान वर केली नाही. तोच म्हणाला, "बोलिए अंकल, वु-सु-मु-झी." चुकलो की पुन्हा म्हणायला लावायचा. रागावला असता तर बरं वाटलं असतं...

शिकून तो मायदेशी गेला. तिकडून एक पत्र आलं होतं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून उत्तर उद्यावर ढकललं, आणि घर बदलताना पत्रच हरवलं. आम्ही सगळे त्याला लाडाने कालू म्हणतो, असं मी तेव्हा समजायचो. लाड नव्हता तो. त्याला विचारलं कुणी होतं?

वुसुमुझी खुमालो. तुमच्यापैकी कुणाचं तिकडे कुणी असेल, तर शोध घ्या आणि कृपा करून लवकर कळवा... माझ्याकडे फार दिवस नाहीत.