तिच्या आईचे प्रश्न

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली, तेव्हा पालमच्या माझ्या खोलीत मी भिंतीसमोर उभी राहून गणित शिकवायला लागले. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला आणि समोर कुणीच नाही. वर्गात पोरांच्या कपाळावरच्या आठ्या बघून कुठं थांबायचं ते कळायचं. इथं मी आपली बोलत सुटायचे, रेकॉर्ड झालेला धडा नववीच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली उमटलेले अंगठे बघून समाधान मानायचे.

एका संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला. नंबर माझ्या वर्गातल्या मुलीच्या घरचा, आवाज मोठ्या बाईचा. मागं मेंढ्यांचा गलका.

"मॅडम, मी तिची माय बोलायले. तुमी त्रिकोणाचं लय घाईत सांगितलं. ते दोन कोन सारखेच कशावरून, ते काय ध्यानात आलं न्हाई. परत सांगता का?"

त्यांचं घर मेंढपाळाचं. शाळा नाही म्हणून मुलगी आईबरोबर रानात जायची आणि रेंज लागेल अशा टेकाडावर बसून दोघी माझा धडा ऐकायच्या. आईची शाळा लग्नापायी सातवीतच सुटलेली. तरी सगळ्या ग्रुपमध्ये प्रश्न विचारणारी ती एकटीच निघाली.

मी तोच धडा पुन्हा केला, तिच्याशी बोलल्यासारखा, सावकाश. तो ग्रुपवर टाकला, तर पहिल्या धड्याला अंगठे दाखवलेली पोरंच लिहायला लागली, "मॅडम, आता कळलं." मला हसूही आलं आणि नुसत्या अंगठ्यांवर समाधान मानल्याची लाजही वाटली.

शाळा सुरू झाली, मुलगी वर्गात आली, पण आईचे मेसेज थांबले नाहीत. मीही सवडीनं उत्तरं पाठवत राहिले. मग शाळेत मोठा टीव्ही आला. शहरातल्या एका सरांचे व्हिडिओ लावले की पडद्यावर त्रिकोण आपोआप वळायचे, दुमडायचे, एकमेकांवर बसायचे. पोरं डोळे विस्फारून बघायची आणि मी मागं उभी. इतकं चांगलं मला कधीच जमणार नव्हतं. आपलं इथं काय काम उरलं, असं वाटून आत काहीतरी खचलं.

त्यातलाच एक व्हिडिओ मी त्या आईला पाठवला आणि लिहिलं, "आता माझ्यापेक्षा हे बघत जा."

तिनं उत्तरादाखल फोनच केला. "सर लय झकास सांगायलेत, मॅडम. पण मी कुठं अडले ते त्यांना काय ठाऊक? तुमाला ठाऊक हाय. तुमी ऱ्हावा."

"राहते की," मी म्हणाले.

त्यानंतर माझा तास बदलला. समजावून सांगायचं काम मी खुशाल त्या सरांवर सोपवलं आणि स्वतः बाकांमधून फिरायला लागले. पोरांच्या शेजारी बसून विचारायचं, "तुझं कुठं अडलं?" मागच्या बाकावरची कितीतरी पोरं त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. इतकी वर्षं मी शिकवत होते, पण ती मला खऱ्या अर्थानं तेव्हा भेटली.

पुढं मुलगी गंगाखेडला कॉलेजात गेली. आईनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. मला वाटलं, आता ही सोडून देणार. तिनं मात्र विचारलं, "फेरपरीक्षा कदी असती?" आम्ही पुन्हा बसलो. दिवसभर ती मेंढ्यांमागं आणि मी शाळेत. सांजेला फोनवर गणितं. यावेळी ती पास झाली. निकाल तिनं लगेच फोन करून कळवला. नवराही पलीकडून ओरडून सांगत होता, "मॅडम, आमची मालकीण दहावी झाली!"

मी अभिनंदन केलं, तर ती म्हणाली, "समदं तुमच्यामुळं." तिनं मला काय दिलंय, ते मी सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकून घ्यायला ती तयारच नव्हती. तिचं पुढचं सुरू झालं होतं.

"आता अकरावीला मला इतिहास घ्यायचाय. तुमी शिकवाल का?"

"मला नाही येत गं इतिहास."

"मग?"

"मग दोघी शोधू, कुणी चांगलं शिकवणारं आहे का ते," मी म्हणाले आणि फोन कानाला तसाच ठेवून खुर्ची ओढून बसले.