गोल्फचं मैदान आणि महाळुंग्याची वाट

ऑफिसातले किस्से जुन्या फायलींसारखे असतात. कोणी मागत नाही, म्हणून साचत जातात. चाकणच्या एका कंपनीत मी तीस वर्षं कारकुनी केली. किश्शांना तोटा नाही. पण स्कॉटलंडच्या दौऱ्याची आठवण निघाली की अजून टाळकं सटकतं!

*

आमच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, गोल्फचं वेड लागलं. कंपनीसमोर तसली हिरवळ करायची, म्हणून तिकडचं समुद्रकाठचं, शेकडो वर्षांचं जुनं मैदान बघायला निघाले. गवत शिकायला सोबत माळी ज्ञानोबा, आणि त्याला इंग्रजी समजावायला मी.

ज्ञानोबा महाळुंग्याचा. कंपनी त्याच्याच वडिलांच्या शेतावर उभी आहे. कंपाउंडच्या भिंतीनं गावाची स्मशानाची वाट बंद झाली. त्याच्या आईची तिरडी कंटेनरच्या ट्रॅफिकमधून वळसा घालून न्यावी लागली. वाट मोकळी करा, असे त्यानं किती अर्ज दिले! प्रत्येकावर साहेबांचा एकच शेरा : "पाहू."

*

मैदान जगाच्या टोकाला. शेवटचे दोन तास रस्त्यावर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त! पोचलो, तर मैदान पिवळं, उंचसखल, मध्येमध्ये वाळूचे खड्डे. साहेब हबकले. "पाणी मारत नाहीत का हे लोक?"

ज्ञानोबा म्हणाला, "आमचं रान असंच हुतं साहेब. तुमी सपाट केलं."

*

पहिल्या फटक्याआधी साहेबांनी नारळ फोडला. पुण्याहून नेलेला! ज्या दगडावर फोडला, तो क्लबच्या संस्थापकाच्या स्मरणार्थ बसवलेला. क्लबचे सेक्रेटरी धावत आले. साहेबांनी लगेच माझ्याकडे बोट केलं, "आमचा क्लार्क जरा श्रद्धाळू आहे."

मी आयुष्यात सत्यनारायण घातलेला नाही!

*

साहेब नेम धरतात, तोच एक म्हातारी कुत्रं घेऊन मैदानाच्या मधूनच चालत आली. "सिक्युरिटी!" साहेब ओरडले.

सेक्रेटरींनी डोक्यावरची टोपी काढली आणि खेळ थांबवला. म्हणाले, "ही गावाची किनाऱ्याकडे जायची वाट. क्लबपेक्षा जुनी. आधी माणूस, मग बॉल."

मी ते ज्ञानोबाला मराठीत सांगितलं. तो त्या बाईच्या पाठीकडे बघत म्हणाला,

"आन् भिंत?"

"नाही बांधली."

"कुनीच न्हाई?"

*

खेळ संपल्यावर चहा. सेक्रेटरींनी सहज विचारलं, "तुमच्या कारखान्याच्या जागेतून जाते का गावाची वाट?"

साहेब छाती फुगवून म्हणाले, "अर्थात! आम्ही ती कायम खुली ठेवतो. आमची संस्कृतीच आहे!"

मी कप बशीवर आदळला. संतापानं!

सेक्रेटरी मात्र भारावले. त्यांनी पाहुण्यांची वही पुढे सरकवली. "हे लिहूनच द्या ना!" साहेबांनी शब्दन् शब्द लिहिला. खाली सही, हुद्दा, कंपनीचं नाव.

"भाऊसाहेब, काय लिवलं त्यांनी?" ज्ञानोबानं हळूच विचारलं. मी सांगितलं.

तो म्हणाला, "त्या पानाचा फोटू काडा."

मी पानाचा काढला. सहीचा वेगळा काढला!