आतून लावायची कडी

आमच्या केंद्रात बायकांच्या तब्येतीवर संशोधन चालतं, आणि ते जोडीनं चालतं. कुठल्याही घरी दोघी जातात. एक आत बसते, एक बाहेर. आतली त्या घरातल्या म्हातारीशी एकटीशी बोलते. बाहेरची मुलगा, सून, शेजारीण, जे कोणी कान टवकारून बसलेलं असेल त्याला बोलण्यात गुंतवून ठेवते. मी बाहेरची. माझ्याकडे बीपीचं मशीन, वजनकाटा आणि जन्मजात मिळालेला तोंडाचा पट्टा. मीठ कमी खा, चालायला जा, बांगड्या काय छान आहेत, असं मी तासभर बोलू शकते आणि समोरच्याला उठू देत नाही. आत बसायची ती काकू.

डॉक्टरबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला काकूच म्हणतात. तिच्याहून वयानं मोठा असलेला वॉचमनसुद्धा. आधी ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची. कारखाना बंद पडला, नवऱ्यानं अंथरूण धरलं आणि काकू आमच्याकडे प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. एकदा सर्व्हेला माणूस कमी पडलं म्हणून तिला पाठवलं, तेव्हा कळलं की हिच्यासमोर बायका बोलतात. का बोलतात, देव जाणे. ती काही गोड बोलत नाही, डोळ्यांत पाणीही आणत नाही. पायाशी बसते, हातातलं पेन खाली ठेवते आणि म्हणते, "सावकाश. मला कुठे जायचंय?" बाकीच्यांची दोन-तीन घरं उरकायची तेवढ्यात काकूचं एक. सुपरवायझरच्या नाकी नऊ यायचे.

मला विचाराल तर आमचं कामच जरा मानभावी आहे. म्हातारीला विचारायचं: घरात कोणी ढकलतं का, मारतं का, औषध बंद करतं का, जेवण तोडतं का? ती सांगेल ते लिहून घ्यायचं, हातात मदतीच्या फोन नंबरचं कार्ड ठेवायचं आणि जिना उतरायचा. ज्या बाईला फोनला हात लावू देत नाहीत तिला फोन नंबर! डॉक्टरबाई म्हणतात, आकडे जमले की वरचे लोक ऐकतील. बाई मनानं चांगल्या आहेत, मीटिंगमध्ये रडतातसुद्धा. पण आकडे वर जातात आणि म्हातारी जिथल्या तिथे राहते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यांनी मला चहा पाजला.

टेलिफोनवाल्या आजी आम्हाला याच सर्व्हेत भेटल्या. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ज्या घरात त्या राहत तेही त्यांच्याच पगारातून झालेलं. आता तिथे मुलगा आणि सून. मुलाचं चष्म्याचं दुकान. आवाज मऊ, वागणं अदबीचं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या चष्म्याची सैल काडी खिशातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं घट्ट करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, हे घर बरं दिसतंय. माझी पारख ही अशी.

त्या दिवशी काकू आत बराच वेळ होती. माझं मीठ संपलं, चालणं संपलं, मी सुनेला केस गळण्यावर आणलं. शेवटी काकू बाहेर आली आणि जिन्यात, खालच्या मजल्यावर पोचल्यावर, कठड्याला टेकून उभी राहिली. आतलं बोलणं जोडीदारणीलासुद्धा सांगायचं नाही असा आमचा नियम आहे आणि काकू नियमाची पक्की. पण त्या दिवशी ती बोलली.

"दंड बघितले मी तिचे," काकू म्हणाली. "चिमटे काढतो. अंथरुणातून ओढून खाली टाकतो. कपडे बदलत असली तरी दार ढकलून येतो."

"तो? काडी दुरुस्त करणारा?"

"तोच. ती म्हणते, मारतो त्याचं एवढं काही नाही गं, पण कधी येईल ते कळत नाही. डोळा लागला की वाटतं, आला."

"मग काय पाहिजे त्यांना? पोलीस? आश्रम?"

"काही नको म्हणते. पोटचा आहे म्हणते. तिला दाराला आतून कडी पाहिजे. पूर्वी होती, नवरा गेल्यावर यानं काढून टाकली." काकूनं माझ्याकडे बघितलं. "एक कडी गं. दुसरं काहीच मागितलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आत्ता वर जाते आणि त्याच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यालाच दाखवते. काकूनं माझं मनगट धरलं. "तू बोलून खाली येशील. ती वरच आहे."

काकू रीतसर वाटेनंही गेली, नाही असं नाही. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, ती सरकारी कचेरीतल्या अधिकारीबाईंकडे घेऊन गेली. अधिकारीबाई म्हणाल्या, तक्रार आजींनी स्वतः द्यायला हवी. येऊ शकत नसतील तर आम्ही घरी येऊन विचारू. कोणासमोर विचाराल, असं काकूनं विचारलं. घरच्यांसमोर, बाई म्हणाल्या, म्हणजे उद्या आमच्यावर बालंट नको. काकूनं चिठ्ठी परत मागून घेतली.

मग तिला जे सुचलं ते आमच्यासारख्या लोकांनाच सुचू शकतं. केंद्राची आणखी एक योजना होती, 'पडझड टाळा' नावाची. म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीघरात धरायला दांडी आणि उंबऱ्याला उतार, सुतारासकट फुकट. काकूनं टेलिफोनवाल्या आजींचं नाव त्यात घातलं आणि सुताराला सांगितलं की, दांडीबरोबर खोलीच्या दाराला आतून एक कडीही बसव, म्हाताऱ्या बोटांना सरकेल अशी. फुकट म्हटल्यावर मुलगा लगेच तयार झाला. मी काकूला म्हटलं, "अगं, काढून टाकेल तो." ती म्हणाली, "काढू दे. परत लावू. कंटाळेल कधीतरी."

सुतार आला तेव्हा मी बाहेर मुलाला बीपीचं महत्त्व समजावत होते. त्याचं बीपी अगदी नॉर्मल होतं. अशा माणसांचं असतंच. आत कडी सरकल्याचा आवाज आला, मग परत, मग परत. आजी करून बघत होत्या. मी जास्तच मोठ्यानं बोलायला लागले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दांडी घट्ट बसली का हे बघायच्या निमित्तानं गेलो. आजी स्वतः दाराशी आल्या. डोळ्यांखालची सूज उतरली होती, केस नीट विंचरलेले होते. "झोपले गं," त्या काकूला म्हणाल्या, माझ्यादेखत, कुजबुजत. "उन्हं वर येईपर्यंत झोपले. त्यानं ठोकलं दार, मी उघडलंच नाही. एक्स्चेंजमध्ये लाइन बिझी आहे सांगायचो ना, तसं." आणि हसल्या. काकूही हसली. खाली उतरताना ती माझ्या दोन पायऱ्या पुढे होती, एरवी मीच तिची वाट बघत थांबते. मला वाटलं, आपण उगाच नावं ठेवतो या कामाला.

तिसऱ्यांदा गेलो ती योजनेची शेवटची भेट होती. मुलानंच दार उघडलं. "या, या. तुमचेच आभार मानायचे होते," तो म्हणाला आणि आमचंच पत्रक त्यानं पुढे केलं. पडझड टाळण्यासाठी काय करावं, काय करू नये. त्यातल्या एका ओळीखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती: वृद्ध व्यक्तीच्या खोलीला आतून कडी असू नये, आत पडल्यास मदत पोचत नाही. "हे वाचून माझ्या काळजात धस्स झालं हो. तुमचा सुतार चुकून आत लावून गेला होता. आई आत पडली असती म्हणजे? मग मीच काढली, आणि बाहेरून बसवली. हल्ली ती भटकते ना. जिन्यात गेली तर?"

मी पत्रक हातात घेतलं. ते मी स्वतः घरोघरी वाटलंय. ती ओळ चूक नाही. कुठलाही डॉक्टर तेच सांगेल. माझा तोंडाचा पट्टा कुठे गेला कोण जाणे. मी त्याच्या दंडाला बीपीची पट्टी गुंडाळायला लागले.

"उघडा ना, बाहेरूनच आहे," तो काकूला म्हणाला.

काकूनं कडी काढली आणि आत गेली. बसल्या जागेवरून मला अर्ध्या उघड्या दारातून पलंगाची कड आणि आजींचे पाय दिसत होते. आजी उठल्या नाहीत. काकूचा आवाज येत होता, "मावशी, माझ्याबरोबर चला. आत्ता. मी बघते पुढचं." ती असं कधीच बोलत नाही, असं बोलायला आम्हाला परवानगीच नाही. उत्तर मला ऐकू आलं नाही. मग काकू पुन्हा म्हणाली, "माझ्या घरी चला." नवरा अंथरुणाला खिळलेला, एका खोलीचं घर, तिथे ती आणखी एक म्हातारी घेऊन निघाली होती! त्यावर आजींचं बोलणं आलं, थकलेलं पण स्पष्ट, एक्स्चेंजमधल्या बाईचं असावं तसं. "नको गं. आता तू काही आणू नकोस माझ्यासाठी."

मुलगा ऐकत होता. माझ्या मशीनवरचा आकडा हलत नव्हता.

काकू बाहेर आली. तिनं दार नुसतं ओढून घेतलं आणि चपला घालायला वळली. तेवढ्यात आतून हाक आली. "बाई, कडी लाव."

काकू तशीच उभी राहिली.

"लाव गं," आजी म्हणाल्या. "उघडी राहिली तर तुम्ही गेल्यावर तो म्हणेल, मीच तुला उघडी ठेवायला सांगितलं."

मी काकूकडे बघितलं नाही. मुलगा खुर्चीत बसून होता, बाही दुमडलेली, हात माझ्या मशीनला बांधलेला, चेहऱ्यावर तेच अदबीचं हसू. तो उठला नाही. त्याला उठायची गरज नव्हती. काकूनं हात वर केला आणि कडी लावली. मग नीट बसली का हे तिनं दार ढकलून बघितलं, कारण नसती बसली तर मार आजींनाच बसला असता.